धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

अबोली_पिंपरी (रविवार, रात्री ११.२०)

सगळ्यांना सलाम. धागा कुठल्या विभागात टाकावा ते कळेना, म्हणून इथेच टाकते.

घरची गोष्ट थोडक्यात. तीन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आता हात धरला की चालतात. आठ-दहा शब्द येतात, त्यातला एक 'नको' आहे. सकाळी त्यांचं सगळं उरकायचं, सांभाळणाऱ्या बाईच्या हाती सोपवून ऑफिस गाठायचं, संध्याकाळी येऊन पुन्हा तेच. मुलगा बंगळुरात. रडगाणं गायला बसलेले नाही, पुढचं कळावं म्हणून एवढं सांगितलं.

तीन वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीतला जो तो मला एकच सांगतो, 'धीर धर'. प्रार्थनेला घरी येतात, चहा घेतात आणि दारात चपला घालता घालता म्हणतात, 'धीर धरा हं ताई, देव बघतोय.' आज उपासनेत पाळकांनी बायबलातल्या इब्रीकरांस पत्राचा बारावा अध्याय घेतला, धीराने शर्यत धावण्याचा. उदाहरण पंडिता रमाबाईंचं. पोटची मुलगी गेली, कानांनी ऐकू येईना, अंगात त्राण नाही, तरी बायबलच्या भाषांतराची मुद्रितं तपासत बसल्या. देवाकडे दहा दिवस मागून घेतले, शेवटचं पान संपवलं आणि झोपेतच गेल्या. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. मला मात्र राग आला. इतका, की प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) उठले नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी रमाबाई नाही. मला संपवायला कुठलं पानच नाही. उद्या साडेपाचला उठून तेच, परवाही तेच. प्रार्थना करते ती सवयीने, तिकडून काही येत नाही. मग 'धीर धर' म्हणजे माणसाने करायचं काय? दातओठ खाऊन गप्प बसायचं? विश्वासात टिकणं म्हणतात ते हेच का?

खरंच विचारतेय. वचनं पाठ आहेत. कृपया वचनं पाठवू नका.

वचनप्रेमी (रविवार, रात्री ११.२७)

ताई, जय ख्रिस्त. तुमच्यासाठी प्रार्थना करतो. तरी एकच वचन, मत्तय २४:१३. शेवटपर्यंत टिकणाऱ्याचंच तारण आहे. आता प्रश्न असा, की टिकतो म्हणून तारण होतं, की तारण झालेलं असतं म्हणून टिकतो? १६१८-१९ मध्ये हॉलंडातल्या डॉर्टच्या धर्मसभेत ह्याच मुद्द्यावर खल झाला. ज्यांना देवाने निवडलं त्यांना तो शेवटपर्यंत राखतोच, असा निर्णय झाला. आर्मिनियस ह्या डच धर्मपंडिताचे अनुयायी म्हणत होते की माणूस कृपेतून ढळू शकतो. ह्यावर सविस्तर लिहू शकेन.

तिरकस (रविवार, रात्री ११.३१)

सातव्या मिनिटाला वचन आलं. मी ख्रिस्ती नाही, देवबीवही मानत नाही, पण धागा आवडला म्हणून बसतो. वचनप्रेमी, सविस्तर नको.

जुना_नगरकर (सोमवार, सकाळी ६.१०)

अबोलीताई, मी निवृत्त शिक्षक. पहाटे उठायची सवय सुटत नाही, म्हणून तुमचं आत्ताच वाचलं.

घोटाळा आपल्या मराठी शब्दात आहे असं मला वाटतं. नव्या करारात जिथं जिथं आपण 'धीर' वाचतो, तिथं बहुतेक ठिकाणी मूळ ग्रीक शब्द 'हुपोमोने' आहे. 'हुपो' म्हणजे खाली, 'मेनो' म्हणजे राहणं. ओझ्याखाली उभं राहणं. माणसांच्या बाबतीत राग आवरायचा, सबुरीने घ्यायचं, ह्यासाठी वेगळा शब्द आहे, 'माक्रोथुमिया'. आपण दोन्हींना धीर म्हणतो, सहनशीलता म्हणतो, आणि बाईमाणूस असेल तर 'सोशिक' म्हणतो. हा सोशिक शब्द मला कधीच आवडला नाही. आमच्या आईला सगळं गाव सोशिक म्हणायचं. ती काय काय सोसत होती ते कुणी विचारलं नाही, कारण सोशिक म्हटलं की विचारायचं कामच उरत नाही.

दुसरं. याकोबाच्या पत्रात धीराचा नमुना म्हणून नाव येतं सगळं गमावलेल्या ईयोबाचं. आता बायबलातलं ईयोबाचं पुस्तक उघडून बघा. दोन अध्याय तो तक्रारीचा शब्द काढत नाही. तिसऱ्यापासून जो सुटतो तो एकतिसाव्यापर्यंत. जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो, माझं चुकलं काय ते दाखव म्हणतो. मित्र त्याला समजावतात, देवाची बाजू मांडतात. आणि शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या मित्रांना सांगतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. म्हणजे कुरकुरणारा, भांडणारा, तक्रारी करणारा ईयोब हा बायबलमधला धीराचा आदर्श! तो फक्त एक करत नाही, पाठ फिरवून निघून जात नाही. भांडतो तेही देवाशीच.

त्या मित्रांनीही एक गोष्ट चांगली केली होती, बरं का. आल्या आल्या सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तोंडातून शब्द काढला नाही. घोळ झाला तो तोंड उघडल्यावर.

(आणि ताई, तुम्ही प्रभुभोजनाला उठला नाहीत. त्याची कारणं लोक शोधत बसतील. देव शोधत बसणार नाही.)

मोगरा७१ (सोमवार, दुपारी १.४५)

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, चुका पोटात घाला.

नगरकर काकांनी 'सोशिक' काढलंच आहे तर मी माझंही सांगते. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मार खाऊन मी आमच्या मंडळीतल्या वडील मंडळींकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा 'बहिणी, धीर धर, तुझ्या सहनशीलतेने तो बदलेल' म्हणून प्रार्थना करून परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी त्यांच्याकडे गेले नाही, माहेरी गेले. म्हणून धीर हा शब्द कुणी वापरला की मी आधी बघते, कोण कुणाला सांगतंय.

आता रमाबाई. त्यांची शेवटच्या पानाची गोष्ट ऐकून मीही लहानपणी रडलेय. पण मोठेपणी त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा डोक्यात लख्ख झालं. धीराचा आदर्श म्हणून जिला वेदीवरून उभं करतात, त्या बाईने जन्मभर केलं काय? ज्या बायकांना 'सोस बाई, तुझं नशीब' असं सांगितलं जात होतं, त्यांना तिथून बाहेर काढलं! ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई, बालविधवा. पुढे त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, ते साल १८९३. रमाबाईंनी गोदूबाईंना धीर धरायला सांगितलं असतं तर? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली केडगावला घेऊन आल्या. त्या मुलींनाही त्या 'देव परीक्षा घेतोय' म्हणाल्या नाहीत. गाडीत बसवलं.

आणि स्वतःही कुणापुढे मान तुकवली नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टरांना वाटलं, आता आपण सांगू ते ही मानेल. ह्या बाईने पत्रांमधून एकेक सिद्धांत उलटा-सुलटा करून विचारला. भटजींचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं स्पष्ट लिहून कळवलं. इकडे पुण्यात १८९३ मध्ये, तोवर तिथं हललेल्या शारदा सदनाची सल्लागार मंडळी राजीनामा देऊन बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे सनातन्यांचं ऐकलं नाही, सुधारकांचं नाही आणि चर्चवाल्यांचंही नाही. ही बाई टिकली ती कामाला धरून. माणसांच्या मर्जीला धरून टिकायचं असतं तर तीन ठिकाणी मोडली असती.

तेव्हा अबोली, तुझा राग रमाबाईंवर काढू नकोस. त्यांचा फोटो समोर धरून गप्प बसवणाऱ्यांवर काढ.

तिरकस (सोमवार, दुपारी २.०५)

टाळ्या. पण एक शंका. अबोलीताईंचा नवरा मारकुटा नाही, आजारी आहे. तिथून 'बाहेर काढणं' हा पर्याय नाही. मग हुपोमोने म्हणा नाहीतर सोसणं म्हणा, पहाटे साडेपाचला उठणाऱ्या बाईला फरक काय पडतो?

मोगरा७१ (सोमवार, दुपारी २.११)

बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त माझ्यासारखीने आपल्यावर ओढून घेऊ नये म्हणून लिहिलं.

बावखलकाठी (सोमवार, रात्री ९.३०)

वसईहून. आम्ही कॅथलिक, त्यामुळे तुमच्यात पाहुणा समजा.

आमची आजी रोज संध्याकाळी रोजरी म्हणायची. म्हणता म्हणता डुलक्या घ्यायची, मणी हातातून सुटायचा, मग दचकून जिथं असेल तिथून पुढे. मी एकदा विचारलं, आजी, झोपेत म्हटलेली प्रार्थना पोचते का? ती म्हणाली, पोचवणारा मी आहे का? एवढंच बोलली आणि पुढचा मणी.

अबोलीताई म्हणतात तिकडून काही येत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा आमच्याकडे बऱ्याच लोकांना धक्का बसला होता. जवळजवळ पन्नास वर्षं त्या बाईंना प्रार्थनेत देव जाणवत नव्हता. अंधार, कोरडेपणा, नको असल्याची भावना, हे सगळं त्यांनीच आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलं होतं. बाहेर हसून रुग्ण उचलत होत्या. काही लोक म्हणाले, म्हणजे हे ढोंग. आमच्या फादरांनी त्या रविवारी प्रवचनात उलट विचारलं, बायकोवरचं प्रेम आटलं असं वाटत असूनही जो माणूस तिच्या उशाशी रात्र काढतो, तो ढोंगी का?

मला तेव्हा फारसं पटलं नव्हतं. मूल झाल्यावर पटलं.

स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. बाकी विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजेड फुटतो. ह्यात नाही. अंधारावरच संपतं. आणि तरीही कुणीतरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. (सॉरी ताई, हे वचनात मोडतं का?)

अबोली_पिंपरी (सोमवार, रात्री ११.५०)

नाही मोडत. ते स्तोत्र आत्ता जाऊन वाचलं. आमच्या मंडळीत ते कधी ऐकल्याचं आठवत नाही.

सगळ्यांचं वाचतेय. झोप आली आहे, उद्या लिहिते.

दौंडलोकल (मंगळवार, सकाळी ८.४०)

गाडीतून टाइप करतोय. केडगाव आमच्या रोजच्या मार्गावर. (नगरजवळचं केडगाव वेगळं. हे पुणे-सोलापूर मार्गावरचं, दौंड तालुक्यातलं. दरवेळी सांगावं लागतं.)

ती दहा दिवसांची गोष्ट मी आमच्याच नातलगांकडून तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकलीय. देवाकडे मागितलेले दहा दिवस कुणी मोजायला बसलं होतं असं मला वाटत नाही. पक्क्या तारखा एवढ्या: मनोरमाबाई २४ जुलै १९२१ ला मिरजेला गेल्या, चाळिशीच्या होत्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. मधे साडेआठ महिने. एकुलती एक मुलगी, आपल्यामागे मुक्ती मिशन (केडगावची त्यांची संस्था) सांभाळणार म्हणून जिच्याकडे बघायचं ती गेली, आणि ही बाई साडेआठ महिने मुद्रितं वाचत राहिली. मला तर दहा दिवसांपेक्षा हे साडेआठ महिने जड वाटतात. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. सकाळ, कागद, शाईचा वास, दुपार, कागद.

आणि दुसरी गोष्ट. ते बायबल छापून पुरं झालं १९२४ ला. म्हणजे रमाबाईंनी तो ग्रंथ बांधलेला कधी पाहिलाच नाही. 'शेवटचं पान संपवलं आणि गेल्या' ऐकताना आपल्याला वाटतं पुस्तक हातात घेऊन गेल्या. तसं नाही. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या, कागद उचलणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बाया होत्या. दुष्काळातून आणलेल्या, तिथंच अक्षर शिकलेल्या. पुढचं त्यांनी केलं.

हे सगळं करायचं कारण काय होतं तेही बघा. मराठीत बायबल नव्हतं असं नाही. कॅरीच्या श्रीरामपूरकरांनी (बंगालातलं श्रीरामपूर, नगरचं नव्हे) १८११ मध्येच नवा करार छापला होता, पुढे अख्खं बायबलही झालं होतं. पण त्यातली संस्कृताळलेली भाषा केडगावच्या शेतात खुरपणाऱ्या बाईला कळत नव्हती. म्हणून संस्कृतात पंडिता पदवी मिळवलेल्या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत सगळं पुन्हा केलं. ज्या भाषेने नाव मिळवून दिलं तीच बाजूला ठेवली. एवढं करून ते भाषांतर फारसं चाललं नाही. आज आपल्या मंडळ्यांत दुसरंच वाचतात. यशाच्या हिशोबात बसवायचं तर हे उदाहरण गंडलेलं आहे.

केडगाव आलं, माणसं चढतायत, थांबतो.

जुना_नगरकर (मंगळवार, सकाळी १०.१५)

वा दौंडकर! तुमच्यामुळे एक सुचलं. पाळकांनी इब्रीचा बारावा घेतला म्हणताय ना. तो अध्याय 'म्हणून' ह्या अर्थाच्या शब्दाने सुरू होतो. कशावरून म्हणून? अकराव्याच्या शेवटावरून. तिथं एवढी मोठी यादी दिली, हाबेल, नोहा, अब्राहाम, मोशे, राहाब, आणि शेवटी लिहिलंय की ह्या सगळ्यांना वचनाप्रमाणे फळ मिळालं नाही, आपल्यावाचून ते पूर्ण होणार नव्हतं. मग बारावा, म्हणून आपणही धावू. अध्यायांचे आकडे कैक शतकांनंतर कुणीतरी घातले आणि जोडलेली गोष्ट मधेच तुटली. प्रवचनंही मग तिथूनच सुरू होतात. शर्यत एकट्याची वाटायला लागते.

आमच्या घराचं सांगतो. १८७६-७८ च्या दुष्काळात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. गावकुसाबाहेरचे आम्ही. मिशनने काम दिलं, धान्य दिलं, त्यामुळे 'पोटासाठी बाटले' हे आमच्या कपाळी गोंदलेलं आहे. खोटं आहे असं मी म्हणणार नाही. भूक होतीच. पण पाऊस पडल्यावर काहीजण परत गेले, आमचे गेले नाहीत. पाणवठा मिळत नव्हता, बलुतं बंद झालं, भाऊबंद जेवायला बोलवेनात. आमचा खापरपणजोबा अक्षर गिरवायला शिकला तेव्हा चाळिशी उलटलेली. का टिकला ते त्याने लिहून ठेवलेलं नाही. पोटासाठी आला असेल. पण पोटासाठी राहिला असं नाही म्हणता येत.

तिरकस (मंगळवार, सकाळी १०.४०)

काका, राग मानू नका, पण कागदोपत्री परत हिंदू लावून सवलती घेणारेही तुमच्यात आहेत ना? नाव एक, दाखल्यावर दुसरं. त्यांनाही टिकले म्हणायचं?

जुना_नगरकर (मंगळवार, सकाळी ११.०५)

राग कशाचा. आहेत की. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश काय म्हणतो माहीत आहे ना? अनुसूचित जात म्हणून सवलत फक्त हिंदूला. १९५६ मध्ये शीख जोडले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. जात मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जात नाही, गावात जा आणि घर भाड्याने मागून बघा. तेव्हा ज्याने पोराच्या शिक्षणासाठी दाखल्यावर वेगळं लिहिलं आणि रविवारी देवळात (म्हणजे चर्चमध्ये) येऊन मागच्या बाकावर बसला, त्याला मी भित्रा म्हणणार नाही. माझ्या वडिलांनी लिहिलं नाही. त्याची किंमत मी भरली. पटवून घ्यायला मला तीस वर्षं लागली.

येशूचा शिष्य पेत्र, त्याने तर 'मी येशूला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं होतं. मंडळी त्याच्याच खांद्यावर उभी राहिली.

वचनप्रेमी (मंगळवार, दुपारी १२.२०)

काका, पण पेत्राने पश्चात्ताप केला. दाखला बदलणारे करतात का? तत्त्व म्हणून विचारतोय.

व्यवस्थापक (मंगळवार, दुपारी १२.३०)

आरक्षणाचा वेगळा धागा आहे, तिकडे जा. इथे मूळ प्रश्नावर बोला.

नाशिकची_सून (मंगळवार, दुपारी ४.००)

रमाबाईंवर एवढं झालं, लक्ष्मीबाई टिळकांना कुणी आणतच नाही!

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. सोवळ्यातली ब्राह्मण बाई, लहान मुलगा पदरात. चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. मग परत एकत्र आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःच्या डोक्याने, स्वतःच्या वेळेला, १९०० मध्ये झाल्या. नवऱ्यामागे फरफटत गेल्या नाहीत हे मला फार आवडतं.

आणि सोशिक तर मुळीच नव्हत्या. टिळक दिलदार, लहरी, हातात आलेला पैसा वाटून टाकणारे. ह्या भांडायच्या, चिडायच्या, विनोद करायच्या आणि संसार ओढायच्या. टिळकांनी १९०९ मध्ये ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य लिहायला घेतलं, ख्रिस्तायन. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा दहाएक अध्याय झाले होते. राहिलेले कोणी लिहिले? शाळेचं तोंड न पाहिलेल्या ह्या बाईने. चौसष्ट अध्याय! पन्नाशी उलटलेली, नवरा नाही, पदरात इतरांची मुलं. दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं काम पुरं करणं म्हणजे काय असतं ते सासरी आलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

त्याही १९३६ मध्ये गेल्या आणि शेवटचा तुकडा मुलाने, देवदत्तांनी जोडला. म्हणजे इथेही एकट्याने संपवलेलं काही नाही. दौंडलोकलचा मुद्दाच पुन्हा.

पांढरी_पट्टी (मंगळवार, रात्री १०.१५)

मी नर्स. पंचवीस वर्षं वॉर्डात, त्यातली बरीच झटक्याच्या रुग्णांबरोबर. सगळं वाचलं, छान आहे, पण कुणी साधा प्रश्न विचारला नाही म्हणून मी विचारते. अबोली, तू शेवटची सलग सात तास कधी झोपलीस?

वॉर्डात मी एक पाहिलंय. रुग्ण सावरतो आणि सांभाळणारी आडवी होते. पाठ जाते, बीपी निघतं, आणि मग ती म्हणते माझा विश्वास कमी पडतोय. विश्वास नाही गं कमी पडत, झोप कमी पडते. दोन्हींची लक्षणं सारखी दिसतात.

मलाही एक गोष्ट सांगायची आहे, वचन समज हवं तर. बायबलातला एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम केला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत रानात एका झुडुपाखाली जाऊन पडला, मला आता मरू दे म्हणाला. देवदूत आला. काय केलं त्याने? उठवलं आणि खा म्हणाला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खाऊन परत झोपला. देवदूताने झोपू दिलं. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं, कारण वाट लांबची आहे म्हणाला. उपदेश नाही, 'धीर धर' नाही. तुझं इथं काय काम आहे असं देवाने विचारलं ते पुढे, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

तर मंडळीत जाऊन सांग: चहा नको, प्रार्थना घरूनच करा, मला आठवड्यातून एक संध्याकाळ माणूस द्या. ह्यांच्याजवळ बसायला. संडासाला नेता येईल असा पुरुष असेल तर उत्तम. स्पष्ट सांग. लोक वाईट नसतात, त्यांना काय करायचं ते कळत नाही, म्हणून ते 'धीर धर' म्हणतात.

अबोली_पिंपरी (बुधवार, पहाटे ५.१५)

आठवत नाही. खरंच आठवत नाही.

माणूस मागायची मला लाज वाटते. तीन वर्षं मी सगळ्यांना 'आमचं ठीक चाललंय' असंच सांगितलंय. आता वाचताना वाटतं, की 'धीर धर' म्हणायला त्यांना मीच लावलं की काय.

वचनप्रेमी (बुधवार, सकाळी ७.५०)

ताई, मी चिंचवडला राहतो. गुरुवारी मला संध्याकाळी सहानंतर मोकळीक असते. माझे आजोबा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते, त्यामुळे संडास वगैरेची मला सवय आहे. काका कंटाळले तर क्रिकेट लावून बसू. वचन वाचणार नाही.

तुमची हरकत नसेल तर व्यक्तिगत निरोपात पत्ता द्या. आधी तुमच्या पाळकांकडून माझी चौकशी करून घ्या, ते बरं.

तिरकस (बुधवार, सकाळी ८.१०)

वचनप्रेमी, रविवारचे शब्द मागे घेतो. डॉर्टवर सविस्तर लिहा, वाचेन.

बावखलकाठी (बुधवार, सकाळी ८.३०)

तेवढं नको :)

अबोली_पिंपरी (पुढचा सोमवार, रात्री ९.४०)

उशिरा लिहितेय.

गुरुवारी वचनप्रेमी आले. ह्यांना मी दुपारीच सांगून ठेवलं होतं, तर 'नको'. पण आल्यावर दोघांनी मॅच बघितली. सामना हरल्यावर ह्यांनी एक जुनी शिवी हासडली, अगदी स्पष्ट. तीन वर्षांत ऐकली नव्हती. वचनप्रेमी 'आमेन' म्हणाले. मी स्वयंपाकघरात ओटा धरून हसत होते.

शुक्रवारी पाळकीणबाईंना फोन केला आणि नर्सताईंनी सांगितलं तसंच सांगितलं, शब्द न बदलता. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, तू कधी बोलली का नाहीस गं. शनिवारी एक काका येऊन बसणार असं ठरलं, ते आलेही. एक बाई मात्र म्हणाल्या, अबोली आता खचली वाटतं. म्हणू देत.

रमाबाईंवरचा राग गेला. देवावरचा आहे अजून थोडा. नगरकर काकांनी परवानगी दिली आहे म्हणून ठेवला आहे.

आणि काल रविवारी देवळात गेले नाही. मुलगा आला होता, तो ह्यांच्याजवळ होता. मी रात्री दहाला आडवी झाले ती सकाळी दहाला उठले.

पांढरी_पट्टी (पुढचा सोमवार, रात्री ९.५२)

उठल्यावर खाल्लंस काही?

अबोली_पिंपरी (पुढचा सोमवार, रात्री ९.५५)

मुलाने पोहे केले होते. मीठ जास्त. सगळे खाल्ले आणि परत झोपले.